ब्रेक्झिट: आयातशुल्क शून्य, मग तोटा कशाचा? आणि स्थलांतर वाढलं कसं?

कोरा_कागद:

ब्रेक्झिटच्या दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समोरासमोर ठेवून वाचतोय आणि चार ठिकाणी गाडी अडतेय. तारखा माहीत आहेत. २३ जून २०१६ ला सार्वमत, ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर, त्याच वर्षी ३१ डिसेंबरला संक्रमणकाळही संपला. पुढचं मात्र जुळत नाही.

युरोपीय संघाबरोबरच्या करारानुसार मालावर आयातशुल्क शून्य, कोटाही नाही. मग निर्यातदार रडतात कशासाठी? दुसरं, 'युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो' हा बाहेर पडण्याच्या प्रचाराच्या बसवर रंगवलेला आकडा साफ खोटा की अर्धा खरा? तिसरं, लोकांचं येणं आवरायचं होतं तर युरोपची सामाईक बाजारपेठ (सिंगल मार्केट) कशाला सोडायची, दोन्ही वेगळं करता आलं नसतं का? आणि सगळ्यात गोंधळाचं म्हणजे स्थलांतराला लगाम हवा म्हणून लोकांनी मत दिलं, तर नंतर निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं. हे कसं?

'राजकारणी खोटं बोलतात' हे उत्तर नको, ते पाठ आहे. यंत्रणा कशी चालते ते सांगा.

जकातनाका:

पहिला प्रश्न मी घेतो.

'शुल्क शून्य' हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं: माल ब्रिटनचा किंवा युरोपीय संघाचा 'मूळचा' असेल, आणि तसं कागदावर दाखवता येत असेल, तर शुल्क शून्य. सगळी मेख त्या 'मूळचा' शब्दात आहे.

कस्टम्स युनियनमध्ये सगळ्या सदस्यांची बाहेरच्या जगासाठी एकच शुल्कपत्रिका असते. परदेशी शर्ट रॉटरडॅमला उतरला, तिथे एकदा शुल्क भरलं, की तो लिऑनला जावो नाहीतर लीड्सला, वाटेत कोणी अडवत नाही. मुक्त व्यापार करारात दोन्ही बाजूंच्या शुल्कपत्रिका वेगवेगळ्या असतात. त्यामुळे माल कुठला हे विचारावंच लागतं. नाहीतर तिसऱ्या देशाचा माल जिथे शुल्क कमी तिथून शिरेल आणि दुसरीकडे फुकटात पोचेल. २४ डिसेंबर २०२० ला ठरलेला व्यापार आणि सहकार्य करार हा या दुसऱ्या जातीचा आहे.

चीनमध्ये शिवलेले १,००० शर्ट घ्या, किंमत प्रत्येकी १० पौंड. ते ब्रिटनमधल्या गोदामात आले आणि तिथून फ्रान्समधल्या दुकानांकडे निघाले. गोदामात नवी घडी घातली, लेबल लावलं, खोकी बदलली, तरी ते ब्रिटिश होत नाहीत. लेबल लावणं, पॅकिंग, वर्गवारी, साधं मिसळणं ही कामं करारात 'अपुरी प्रक्रिया' म्हणून मोजली जातात. युरोपीय संघात अशा कपड्यांवर साधारण १२ टक्के शुल्क आहे, म्हणजे १०,००० पौंडांच्या मालावर १,२००. ब्रिटनमध्ये शिरताना शुल्क भरलं असेल तर हे दुसऱ्यांदा. ते टाळायचं तर माल बॉन्डेड गोदामात (जिथे शुल्क न भरता माल ठेवता येतो) ठेवून तसाच, शुल्क न भरता, ट्रान्झिटखाली पुढे न्यायचा, नाहीतर युरोपात दुसरं गोदाम घ्यायचं. पुष्कळ कंपन्यांनी दुसरं गोदामच घेतलं. ती गुंतवणूक आणि त्या नोकऱ्या ब्रिटनबाहेर गेल्या, पण शुल्काच्या आकड्यात त्या कुठे दिसत नाहीत.

आणखी मौज म्हणजे इटलीत शिवलेला शर्टही यातून सुटत नाही. तो ब्रिटनमध्ये शून्य शुल्काने येतो, पण काहीच प्रक्रिया न होता परत आयर्लंडला निघाला तर या कराराची सवलत त्याला मिळत नाही. 'परत आलेला माल' म्हणून सूट मागावी लागते. त्यासाठी तीन वर्षांची मुदत, माल होता त्याच अवस्थेत, आणि मूळ निर्यातीचे पुरावे हाताशी हवेत. हजार प्रकारचा माल ठेवणाऱ्या दुकान-साखळीने प्रत्येक नगाचा असा माग ठेवायचा म्हणजे काय ते समजून घ्या.

कारखान्यातल्या मालाला टक्केवारीचा हिशेब लागतो. पेट्रोल-डिझेल मोटारीत बाहेरच्या देशांचे सुटे भाग कारखान्यातून निघतानाच्या किमतीच्या ४५ टक्क्यांच्या आत हवेत. २०,००० पौंडांची मोटार असेल तर ९,००० पौंडांपर्यंत. युरोपीय भाग इथे 'आपले' धरतात, जपानी किंवा चिनी नाही. मर्यादा ओलांडली की १० टक्के शुल्क. विजेच्या मोटारीत बॅटरीच किमतीचा मोठा हिस्सा खाते आणि ती बहुधा आशियातून येते. म्हणून २०२४ पासून कडक होणारे नियम दोन्ही बाजूंनी २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलले. अडचण दोघांचीही होती.

मूळ सिद्ध करण्यासाठी इनव्हॉइसवर करारात दिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा. खाली ब्रिटिश निर्यातदाराने आपला ईओआरआय क्रमांक (जकात खात्याकडचा व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक) टाकायचा. उलट दिशेने ६,००० युरोंच्या वरच्या खेपेला युरोपीय निर्यातदाराकडे रेक्स (नोंदणीकृत निर्यातदार) क्रमांक हवा. एकसारख्या खेपांसाठी एकच निवेदन १२ महिन्यांपर्यंत चालतं. त्यामागे सुटे भाग पुरवणाऱ्यांची पत्रं जपून ठेवावी लागतात. सवलत मागतो आयातदार, त्यामुळे नंतर तपासणीत पुरावा तोकडा पडला तर वसुली त्याच्याकडून होते. म्हणूनच पुष्कळांनी, विशेषतः शुल्क मुळात दोन-तीन टक्केच आहे तिथे, सवलत न मागता शुल्क भरून मोकळं व्हायचं ठरवलं.

हे झालं शुल्काचं. शुल्क नसलं तरी जकातीचा अर्ज चुकत नाही. ब्रिटनमध्ये निर्यातीचं विवरण, पलीकडे आयातीचं, मधे सुरक्षा विवरण, फेरीबोटीवर चढणाऱ्या ट्रकसाठी सगळे संदर्भ एकत्र बांधणारा क्रमांक. नेहमीच्या चुका तीनच: मालाचा कोड चुकीचा, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवरचं वजन वेगळं, आणि आयातदार कोण हे ठरलेलंच नाही. या तिसऱ्या चुकीने छोटे विक्रेते पार कोलमडले. माल 'शुल्क भरून घरपोच' विकला तर विक्रेत्याला युरोपात ईओआरआय, व्हॅट नोंदणी आणि तिथला प्रतिनिधी लागतो. 'फक्त पोचवून' विकला तर दारात गिऱ्हाइकाकडे व्हॅट आणि कुरियरची हाताळणी फी मागितली जाते, गिऱ्हाईक पार्सल नाकारतं आणि परतीचा खर्च विक्रेत्याच्या माथी बसतो. १५० युरोंपर्यंतच्या पार्सलसाठी विक्रीच्या वेळीच व्हॅट घेण्याची सोय १ जुलै २०२१ पासून आहे, पण तिथेही बहुतेक बिगर-युरोपीय विक्रेत्यांना मध्यस्थ नेमावा लागतो.

खाण्याचे पदार्थ हा आणखी वरचा मजला. दूध, मांस, मासे, चीज यांना पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र हवं, आधी ऑनलाइन सूचना हवी आणि ठरावीक तपासणी ठाण्यावरूनच प्रवेश. एका ट्रकमध्ये दहा जणांचा माल असेल आणि त्यात एकाच्या प्रमाणपत्रावर शिक्का चुकला, तर दहाही जणांचा माल ठाण्यावर उभा. म्हणून मालवाहू कंपन्या छोट्यांचा मिश्र माल घेईनाशा झाल्या. काही गोष्टी तर पूर्ण बंदच झाल्या: गोठवलेला नसलेला खिमा, ताजी सॉसेजेस, बियाण्याचे बटाटे. इतकी वर्षं त्या विनातक्रार जात होत्या. माल बदलला नाही, पाठवणारा 'तिसरा देश' म्हणजे संघाबाहेरचा झाला.

आणि हे एकतर्फी होतं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२१ पासून तपासणी सुरू केली. ब्रिटनने आपल्या बाजूची पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. अन्नमालासाठी प्रमाणपत्रांची सक्ती ३१ जानेवारी २०२४ ला आली आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिलला. म्हणजे तीन वर्षं ब्रिटिश चीज कागदांत अडकलं आणि फ्रेंच चीज बिनबोभाट येत राहिलं.

तराजू:

जकातनाका यांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे. मी बसच्या आकड्याचं बघतो.

२०१५ चा हिशेब असा. ब्रिटनची वर्गणी नियमाने बसत होती १,७८० कोटी पौंड. ५२ आठवड्यांनी भागा, ३४ कोटी आणि वर थोडे. बसवरचे ३५ कोटी इथून आले. पण पंतप्रधान थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली सूट ४९० कोटींची होती, आणि ती आधी भरून मग परत मिळत नसे, भरण्याआधीच वजा होई. म्हणजे प्रत्यक्ष पाठवले १,२९० कोटी, आठवड्याला साधारण २५ कोटी. त्यातले ४४० कोटी शेती अनुदान, मागास भागांसाठीचा निधी वगैरे रूपाने सरकारी यंत्रणेमार्फत परत आले. उरले ८५० कोटी, आठवड्याला १६ कोटींच्या आसपास.

तेव्हा 'आम्ही दर आठवड्याला ३५ कोटी पाठवतो' हे चूक, कारण तेवढे कधी पाठवलेच नाहीत. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं जाहीर सांगितलं होतं. पण राहण्याच्या बाजूचेही इथे फसले. ते सतत 'आकडा खोटा, आकडा खोटा' म्हणत राहिले, आणि दर वेळी 'मग खरा किती?' याचं उत्तर 'पंचवीस किंवा सोळा कोटी' असं द्यावं लागलं. ऐकणाऱ्याला तेही ढीगभरच वाटतात.

विचारायचा होता तो प्रश्न वेगळाच. ८५० कोटी म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. सरकारच्या तिजोरीत उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा कराने येतो. म्हणजे बाहेर पडल्यामुळे अर्थव्यवस्था सव्वा ते दीड टक्क्याने जरी लहान राहिली तरी वाचलेली वर्गणी कर-तुटीत गेली. त्यापेक्षा कमी नुकसान असेल तर तिजोरीचा फायदा, जास्त असेल तर तोटा. बस रंगवायची तर हा उंबरठा रंगवायला हवा होता, पण त्याला कोण मत देतो!

सरकारी अंदाजपत्रकाची स्वतंत्र छाननी करणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचं गृहीतक असं आहे की सदस्य राहिलो असतो त्याच्या तुलनेत दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात-निर्यात दोन्ही १५ टक्क्यांनी कमी. चार टक्के सव्वा-दीडच्या बरेच वर आहेत. मात्र हे मोजमाप नाही, 'झालं असतं तर' शी केलेली तुलना आहे, आणि नेमक्या त्याच वर्षांत महामारी आणि ऊर्जेची दरवाढ मिसळली आहे.

उलटी_बाजू:

चर्चा एका बाजूला कलतेय म्हणून लिहितो. बाहेर पडणाऱ्यांच्या आर्थिक बाजूत दम होता, आणि तो बसवर नव्हता.

मे २०१६ मध्ये ब्रिटनच्या अर्थखात्याने सांगितलं की नुसतं बाहेर पडायचं मत दिलं तरी ताबडतोब मंदी येईल आणि बेरोजगार पाच लाखांनी वाढतील. मंदी आली नाही, रोजगार वाढला. पौंड जोरात घसरला हे खरं. निकालाच्या रात्री १.५० डॉलरवरून तो १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला आणि आयात महागली. पण 'उद्या सकाळी आकाश कोसळेल' म्हणणाऱ्यांनी आपल्याच दीर्घकालीन अंदाजांची पत घालवली. हळूहळू झिरपणारा तोटा लोकांना पटवायचा असेल तर आधी खोटी घंटा वाजवू नये.

दुसरं, ब्रिटनच्या निर्यातीत युरोपीय संघाचा वाटा १९९९ च्या सुमारास ५४ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०१६ पर्यंत ४३-४४ वर आला होता, आणि तेही आत असताना. मग जिथे बाजार वाढतोय तिथे स्वतःचे करार करू द्या, हा मुद्दा गैर नव्हता. कस्टम्स युनियनमध्ये राहून ते जमत नाही, कारण शुल्क ठरवायचा हक्कच ब्रसेल्सकडे, म्हणजे युरोपीय संघाकडे असतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने सरसकट शुल्क लावलं तेव्हा ब्रिटनला १० टक्के लागलं आणि युरोपीय संघाला वाटाघाटींनंतर १५. हा वेगळं असण्याचा रोकडा फायदा होता.

तिसरा मुद्दा पैशांचा नाहीच. मतदानाच्या दिवशी लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांनी घेतलेल्या पाहणीत बाहेर पडायला मत देणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांनी मुख्य कारण सांगितलं ते 'ब्रिटनचे निर्णय ब्रिटनमध्ये व्हावेत' हे. स्थलांतर आणि सीमा ३३ टक्क्यांवर होतं. तुम्ही ४ टक्क्यांचा हिशेब मांडा, समोरचा म्हणेल तेवढी किंमत मला मान्य आहे. त्याला उत्तर अर्थशास्त्राकडे नाही.

एक मात्र आमच्या बाजूच्यांनी सोडून द्यावं: 'बाहेर पडलो म्हणून कोरोनाची लस लवकर मिळाली'. २ डिसेंबर २०२० ला पहिल्या लशीला तातडीची मंजुरी दिली तेव्हा संक्रमणकाळ चालू होता आणि ती मंजुरी युरोपीय कायद्यातल्या सवलतीतूनच दिली होती.

तराजू:

सहमत, विशेषतः मे २०१६ बद्दल. नव्या करारांचं मात्र वजन करून बघा. ब्रिटिश सरकारचेच अंदाज: ऑस्ट्रेलियाचा करार राष्ट्रीय उत्पन्नात ०.०८ टक्के भर घालणार, न्यूझीलंडचा ०.०३, आणि २४ जुलै २०२५ ला सह्या झालेला भारताबरोबरचा ०.१३. तिन्ही मिळून पाव टक्क्यापर्यंतही जात नाही. कारण साधं आहे. व्यापार अंतराने घटतो आणि समोरच्या अर्थव्यवस्थेच्या आकाराने वाढतो. त्यातही करार मुख्यतः मालावरचं शुल्क कमी करतात, आणि ब्रिटनची अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्के सेवांची आहे. सेवांना शुल्क कधीच नव्हतं, त्यांची अडचण परवान्याची. लंडनची बँक पूर्वी एका परवान्यावर सगळ्या सदस्य देशांत धंदा करायची, तो 'पासपोर्ट' गेला. वास्तुविशारदाची पदवी आपोआप मानली जायची, तेही गेलं.

उंबरठा:

आता माणसांकडे येऊ. कोरा_कागद यांचे शेवटचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

वेगळं करता आलं नसतं का? युरोपीय संघाचं म्हणणं असं की सिंगल मार्केट म्हणजे माल, सेवा, भांडवल आणि माणसं या चारही गोष्टींना मोकळीक; चारातली तीन निवडता येत नाहीत. नॉर्वे संघात नाही, पण सिंगल मार्केटमध्ये आहे, म्हणून तिथे युरोपीय माणसांना मोकळीक आहे. स्वित्झर्लंडने प्रयत्न करून बघितला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सार्वमताने ५०.३ टक्क्यांनी स्थलांतरावर कोटे लावायचं ठरवलं. पण त्यांच्या करारांत 'गिलोटिन' कलम होतं, एक करार मोडला की त्या गटातले सगळे रद्द. शेवटी कोटे आलेच नाहीत, स्थानिक बेरोजगारांना आधी कळवायचं इतपत सौम्य तरतूद झाली. अपवाद एकच, लिक्टेनस्टाईन. त्याला वास्तव्यावर संख्या ठरवता येते, पण त्या देशाची वस्तीच चाळीस हजारांच्या आसपास आहे.

म्हणून ब्रिटनसमोरची निवड सरळ होती. माणसांची मोकळीक बंद करायची तर सिंगल मार्केट सोडावं लागणार, आणि ते सोडलं की जकातनाका यांनी सांगितलेला सगळा कागद अंगावर येणार. सार्वमतातल्या प्रश्नात ही जोड लिहिलेली नव्हती. राहायचं की सोडायचं, इतकंच विचारलं होतं.

तरीही ब्रिटनने आत असताना आपल्या हातातली साधनं वापरली नाहीत हे सांगायला हवं. २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश आले तेव्हा जुन्या सदस्यांना सात वर्षांपर्यंत रोजगार बंद ठेवायची मुभा होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने २०११ पर्यंत दार बंद ठेवलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्या दिवशीच उघडलं. ब्रिटिश गृहखात्यासाठी केलेल्या अभ्यासात वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार लोक येतील असा अंदाज होता. त्यात जर्मनीही दार उघडेल हे गृहीत होतं. ते झालं नाही, आणि आले त्याच्या कित्येक पट. तसंच, तीन महिन्यांच्या पुढे राहायला काम, शिक्षण किंवा स्वतःचं उत्पन्न लागतं असा युरोपीय नियम आहे. बेल्जियमसारख्या देशांनी नोंदणीच्या आधारे तो राबवला. ब्रिटनमध्ये ना ओळखपत्र होतं, ना नोंदणी. मग राबवणार कसा?

यात सार्वमत घेणारे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी निव्वळ स्थलांतर 'हजारांत' म्हणजे एक लाखाच्या खाली आणण्याचं वचन २०१० मध्ये देऊन ठेवलं होतं. मतदानाच्या महिनाभर आधी २०१५ चा आकडा आला: ३ लाख ३३ हजार. त्यात युरोपीय १ लाख ८४ हजार आणि बिगर-युरोपीय १ लाख ८८ हजार, वजा देश सोडून गेलेले ब्रिटिश. म्हणजे ज्यांच्यावर लंडनचा पूर्ण ताबा होता ती संख्याच मोठी होती! वचन मोडायला ब्रसेल्सची गरज नव्हती, पण प्रचारात दोष ब्रसेल्सला देणं सोपं होतं.

आता ९ लाखांचं. 'ताबा' आणि 'घट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ जानेवारी २०२१ पासून गुणांची पद्धत आली. कुशल कामगाराला ७० गुण हवेत: परवानाधारक मालकाची नोकरी २०, कामाची पातळी २०, इंग्रजी १०, उरलेले २० पगाराचे. युरोपीयांसाठी हे कडक होतं, कारण आधी काहीच लागत नव्हतं. पण बाकी जगासाठी दार रुंद झालं. पगाराची अट ३०,००० पौंडांवरून २५,६०० वर आली. पदवीची पातळी बारावीच्या आसपास आणली. वर्षाला २०,७०० ची कमाल मर्यादा उठली, आणि जागा आधी देशात जाहिरात करून भरायचा प्रयत्न दाखवायची अटही गेली. जुलै २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं कामाची मुभा मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची आणि आजाऱ्यांची देखभाल करणारे यादीत आले, कुटुंबासकट. त्यावर युक्रेन आणि हाँगकाँगच्या लोकांसाठीच्या खास योजना.

एक कमी बोलला जाणारा बदलही आहे. मोकळीक होती तेव्हा पोलिश कामगार हंगामापुरता यायचा, परत जायचा, वाटलं तर पुन्हा यायचा. आता आत यायला पाच आकडी खर्च असेल तर आलेला माणूस सहजासहजी परत जात नाही, आणि कुटुंब मागे ठेवत नाही. आरोग्य अधिभारच बघा. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. दोन मोठे, दोन मुलं, पाच वर्षं: १८,११० पौंड, तेही आगाऊ, आणि व्हिसाची फी वेगळी. देखभाल-आरोग्य व्हिसावाल्यांना हा अधिभार माफ आहे. त्यामुळे ओघ कुठे वळला असेल ते सांगायला नको.

नंतर झाकण लागलं. मार्च २०२४ मध्ये देखभाल कामगारांना कुटुंब आणणं बंद, एप्रिलमध्ये पगाराची अट एकदम ३८,७०० पौंड, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० आणि पदवीची पातळी पुन्हा लागू. परदेशातून देखभाल कामगार भरती करणंही तेव्हाच बंद झालं. निव्वळ आकडा २०२५ मध्ये अडीच लाखांच्या खाली आला. युरोपीयांचा निव्वळ आकडा तर आधीच उणे झाला होता. वर जाणं आणि खाली येणं दोन्ही लंडनमध्येच ठरलं. 'ताबा परत घ्या' या घोषणेपुरतं बोलायचं तर ती अक्षरशः पुरी झाली.

कोरा_कागद:

सगळ्यांचे आभार, बरंचसं उलगडलं. उंबरठा, एक उरलं. 'परदेशी मजूर आले की पगार पडतात' यात तथ्य किती? आणि जकातनाका, २०२५ मध्ये पुन्हा जवळीक करायचं ठरलं ना, मग तुम्ही सांगितलेल्यातले कुठले कागद जातील?

उंबरठा:

सरसकट म्हटलं तर थोडं, खालच्या थरात जरा जास्त. बँक ऑफ इंग्लंडच्या २०१५ च्या अभ्यासात निमकुशल-अकुशल सेवांमध्ये स्थलांतरितांचा वाटा १० टक्के-अंकांनी वाढला तर तिथले पगार साधारण २ टक्क्यांनी कमी दिसले. हा वाटा १० अंकांनी वाढायला बरीच वर्षं लागतात, तेव्हा वर्षागणिक परिणाम बारीक असतो. सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीने २०१८ मध्ये एकूण पगारांवर फारसा परिणाम नसल्याचं सांगितलं. त्याच अहवालासाठी केलेल्या हिशेबात २०१६-१७ मध्ये युरोपीय स्थलांतरितांनी घेतलं त्यापेक्षा ४७० कोटी पौंड जास्त भरले होते, पण त्यात पश्चिम युरोपातल्यांचा भाग मोठा.

यातली नेहमीची चूक म्हणजे कामं ठरावीक संख्येची आहेत असं धरणं. येणारा माणूस भाडं भरतो, किराणा घेतो, त्यातून कामं तयार होतात. उलटही खरं, माणूस गेला की पगार आपोआप चढतीलच असं नाही. २०२१ मध्ये ट्रकचालकांचा तुटवडा पडला तेव्हा वाहतूकदारांच्या संघटनेचा अंदाज एक लाख चालक कमी असल्याचा होता. युरोपीय चालक गेले हे एक कारण. पण महामारीत चालक परवान्याच्या परीक्षा तुंबल्या आणि स्वतंत्र चालकांचे कर-नियम बदलले, ही दोन कारणं तितकीच जड होती. काही चालकांचे पगार वाढले. सरकारने ५,००० तात्पुरते व्हिसा काढले, पण काही महिन्यांच्या व्हिसासाठी देश बदलायला फार कोणी आलं नाही.

दवाखाना, शाळा, घरभाडं यांवरचा ताण मात्र खरा होता आणि तो सरासरीत दिसत नाही. लिंकनशरमधल्या बॉस्टनमध्ये देशात सर्वाधिक, ७५.६ टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलं. तिथे शेतमालाच्या कामासाठी थोड्या वर्षांत खूप लोक आले होते. लंडनमध्ये परदेशी कितीतरी जास्त, पण तिथे राहायच्या बाजूने ६० टक्के. लोकांनी मत दिलं ते संख्येपेक्षा बदलाच्या वेगावर. येणाऱ्यांचा कर लंडनच्या तिजोरीत जात होता आणि बॉस्टनच्या दवाखान्यातली रांग बॉस्टनमध्येच राहत होती. हा निधी-वाटपाचा दोष, बाजारपेठेचा नाही.

जकातनाका:

१९ मे २०२५ च्या समझोत्यात अन्न आणि वनस्पती-प्राणी मालासाठी वेगळा करार करायचं ठरलं. तो पूर्ण लागू झाला तर पशुवैद्याच्या सहीची प्रमाणपत्रं आणि तपासणी ठाण्यावरची रांग बहुतेक मालासाठी जाईल, आणि ताज्या सॉसेजेससारख्या बंदीचाही प्रश्न सुटायला हवा. बदल्यात या क्षेत्रातले युरोपीय नियम बदलले की ब्रिटनने आपले बदलायचे, संबंधित खर्चात वाटा द्यायचा, आणि युरोपीय कायद्याच्या अर्थाबाबत शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा. उलटी_बाजू यांचे ४९ टक्के नेमके इथेच बिथरतील. त्याच दिवशी मासेमारीचा विद्यमान प्रवेशही २०३८ पर्यंत वाढवून दिला, ती स्कॉटलंडच्या बंदरांवरची स्वतंत्र ओरड.

उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या अन्नमालालाही यातून सुटका मिळेल. सध्या २०२३ च्या विंडसर चौकटीप्रमाणे (उत्तर आयर्लंडच्या मालवाहतुकीबाबतचा ब्रिटन-युरोपीय संघ समझोता) तिथेच खपणारा माल हिरव्या रांगेतून आणि पुढे आयर्लंडला जाऊ शकणारा माल लाल रांगेतून जातो.

पण जकातीचं विवरण आणि मूळ देशाचा पुरावा यांना हा करार हात लावत नाही. त्यासाठी कस्टम्स युनियनमध्ये परतावं लागेल आणि मग वर तराजू यांनी मोजलेले स्वतंत्र करार सोडावे लागतील. तोवर फ्रेंच दुकानदाराला ब्रिटिश चेडर चीज सुखाने मिळेल, शर्टांवरचे १,२०० पौंड तेवढेच राहतील.